कापसाच्या वाटेवरच्या तीन रांगा

खामगाव, मेहकर, मलकापूर, देऊळगाव राजा. बुलढाणा जिल्ह्यातल्या अशा एखाद्या गावाच्या जुन्या वस्तीत धाब्याच्या घरावर चढून पाहावं. एक घर कुठे संपलं आणि शेजारचं कुठून सुरू झालं, हे वरून चटकन उमगत नाही. मातीची सपाट छपरं एकाला एक लागून गेलेली असतात. मधे जेमतेम वीतभर उंचीचा कठडा असतो, कुठे तोही नसतो. उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत घालणाऱ्या बायका या छपरावरून त्या छपरावर सहज जातात. गल्लीत उतरलं की मात्र प्रत्येक दार वेगळं, प्रत्येक ओटा वेगळा, प्रत्येक पन्हाळ वेगळ्या उंचीवर. वरून एक आणि खालून अनेक, अशी ही रचना.

यात दडलेला हिशोब सोपा आहे, पण मांडला की थक्क करतो. समजा, दहा घरं आहेत. प्रत्येकाचं तोंड वीस फूट, खोली चाळीस फूट. सुटी सुटी बांधली तर प्रत्येक घराला चारी बाजूंनी मिळून एकशेवीस फूट भिंत लागते, दहा घरांना बाराशे. तीच घरं भिंतीला भिंत लावून बांधली तर आडव्या भिंती वीसऐवजी अकराच पुरतात आणि एकूण भिंत भरते आठशे चाळीस फूट. तीनशे साठ फूट भिंत बांधावीच लागली नाही! त्याहून मोठी गंमत मधल्या घरांची. त्यांच्या एकशेवीस फुटांपैकी फक्त चाळीस फूट, म्हणजे पुढची आणि मागची भिंत, उघड्यावर असते. उरलेली ऐंशी फूट भिंत आयुष्यात कधी ऊन बघत नाही आणि पावसात भिजत नाही.

वैशाखात जिथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, तिथे या ऐंशी फुटांची किंमत वेगळी सांगायला नको. भिंत दोन-अडीच फूट जाडीची, मातीची. अशा भिंतीत बाहेरचं ऊन शिरतं, पण सावकाश. दुपारची धग आतल्या बाजूला पोचेपर्यंत कित्येक तास जातात, रात्र होते. तेव्हा सगळं घर धाब्यावर झोपलेलं असतं. भिंतीने साठवलेली उष्णता रात्री रिकाम्या खोलीला मिळते आणि सकाळी माणसं खाली उतरतात तेव्हा ओसरी पुन्हा गार असते. घराचा आणि झोपण्याच्या सवयीचा असा मेळ कुणी कागदावर आखलेला नव्हता.

माती कोणती, हाही भाग मजेदार आहे. वऱ्हाडाची काळी जमीन कापसाला सोन्यासारखी असली तरी भिंतीला ती नकोच. तिच्यातली चिकण पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळे. अशा मातीची भिंत दोन पावसाळे काढणार नाही. म्हणून भिंतीला पांढरीची माती. पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असलेल्या जागेची, राख-चुना-मोडक्या भिंती मुरून तयार झालेली, न फुगणारी. जुनं घर पडलं की त्याचीच माती नव्या घराला लागते. गाव स्वतःच्याच मातीवर इंचाइंचाने वर चढत जातं.

छपराला तिसरीच माती लागते. आधी तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर बांबू किंवा पऱ्हाट्या, मग माती, आणि सगळ्यात वर खारी माती. पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बाजूला जो खारपाणपट्टा आहे, तिथला शेतकरी खारेपणाने जेरीस आलेला असतो. मातीत सोडियम जास्त झाला की तिचे कण सुटे होऊन पसरतात, मधली छिद्रं बुजतात आणि पाणी खाली मुरतच नाही. शेतात हा शाप. छपरावर नेमकं हेच हवं असतं! पहिल्या सरीने खारी माती विस्कटते, बारीक भेगांत जाऊन बसते आणि छप्पर आपलं आपण बुजतं. पावसाळ्याआधी नवा थर टाकायचा, ओल असताना चोपायचा, एवढीच देखभाल. आणि थराखाली पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. ज्या पिकाच्या पैशातून घर उभं राहिलं, त्याचीच काटकं डोक्यावर.

घरं अशी चिकटून उभी राहिली ती फक्त उन्हामुळे नव्हे. गावठाणाची जागा मोजकी असायची आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पेंढाऱ्यांच्या धाडींनी वऱ्हाड हैराण होतं. गावाला कूस, मधे मातीची गढी आणि त्यात अंग चोरून बसलेली घरं. सुटं घर म्हणजे चार बाजूंनी उघडं घर. लाकडाचाही हात यात आहे. तुळई जेवढी लांब मिळेल तेवढीच खोली रुंद होणार. म्हणून आपल्याकडे घर खणांत मोजतात. दोन खांबांमधलं साधारण पाच-सहा फुटांचं अंतर म्हणजे खण. तीनखणी घर, पाचखणी घर. जास्त जागा हवी असेल तर घर रुंद होत नाही, मागे मागे लांबत जातं. मग मध्यभागी अंधार साचतो. त्याला उजेड द्यायला ऐपत असेल तर चौक, नसेल तर छपरात एक झरोका.

हे सगळं वाचताना ज्याने लंडन पाहिलं आहे, त्याला काहीतरी ओळखीचं वाटलं असेल. इंग्लंडमधली जुनी शहरंही अशाच सलग घरांच्या रांगांची आहेत. अरुंद तोंडाची, मागे लांबत गेलेली, दोन्ही बाजूंना शेजारी असलेली घरं. तिथेही रुंदी ठरवली ती लाकडी तुळईने. तिथेही मध्यभागी अंधार. आपण खण मोजतो, ते दर्शनी खिडक्या मोजतात.

फरक पडला तो आगीने. सप्टेंबर १६६६मध्ये लंडन चार दिवस जळत होतं. सुमारे तेरा हजार घरं गेली. लाकडी घरं, गल्लीवर पुढे झुकलेले मजले, एकाच्या वाशाला दुसऱ्याचा वासा. पुढच्याच वर्षी कायदा आला, घरं विटांची किंवा दगडाची हवीत आणि दोन घरांमधली भिंत ठरलेल्या जाडीची हवी. १७०९ साली खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी रेषेपासून चार इंच आत घ्यायला लावली. १७७४च्या कायद्याने ती चौकट विटांच्या आड जवळजवळ लपवलीच आणि घरांच्या चार प्रतवाऱ्या ठरवून प्रत्येकीच्या भिंतींची जाडी नेमून दिली. लंडनच्या जुन्या घरांचा तो नेटका, कोरडा, कमी दागिन्यांचा चेहरा आपल्याला रसिकतेचा नमुना वाटतो. त्यातला बराचसा भाग अग्निशमनाचा आहे.

मधली भिंत तिथे आगीसाठी जाड झाली, आणि लगेच तिला दुसरं काम मिळालं. चुली, म्हणजे शेगड्या, याच भिंतीत बसवल्या जात. दोन्ही घरांच्या शेगड्या पाठीला पाठ लावून, धुराडी एकत्र वर गेलेली. शेजाऱ्याने कोळसा पेटवला की तुमची भिंत ऊबदार. वऱ्हाडात जी भिंत ऊन बाहेर ठेवते, तीच तिकडे ऊब आत ठेवते. उघडी बाजू कमी, हे एकच गणित. एकीकडे ते वैशाखाविरुद्ध वापरलं, दुसरीकडे जानेवारीविरुद्ध. रांगेच्या टोकाचं घर दोन्हीकडे दुर्दैवी. इथे त्याची पश्चिमेची भिंत तापते, तिथे ती गारठते.

पण इंग्लंडने पुढे एक पाऊल टाकलं, जे आपल्या गल्ल्यांनी कधी टाकलं नाही. भिंतीसोबत त्यांनी चेहराही सामाईक केला.

बाथ नावाचं गरम झऱ्यांचं गाव. अठराव्या शतकात श्रीमंत लोक तिथे हवापालटाला येत. जॉन वुड नावाच्या वास्तुकाराने १७२८पासून तिथल्या एका चौकात घरांची अशी रांग उभी केली की पाहणाऱ्याला वाटावं हा एकच राजवाडा आहे. मधे त्रिकोणी शिखर, दोन्ही टोकांना किंचित पुढे आलेले भाग, मधे खांबांची ओळ. प्रत्यक्षात आत सात-आठ वेगवेगळी बिऱ्हाडं. त्याच्या मुलाने, तोही जॉन वुडच, १७६७ ते १७७४ या काळात रॉयल क्रेसेंट बांधली. हिरवळीपुढे चंद्रकोरीसारखी वळलेली तीस घरं, एकशे चौदा खांब, सगळं एकाच फिकट मधाळ दगडात.

आता खरी मजा. वुडने बांधला तो जवळजवळ फक्त पुढचा भाग. ग्राहक विकत घ्यायचा तो या दर्शनी भागाचा एक तुकडा, आणि त्याच्यामागे आपलं घर आपल्या गवंड्याकडून, आपल्या ऐपतीप्रमाणे बांधून घ्यायचा. म्हणून मागच्या बाजूने रॉयल क्रेसेंट पाहिली तर काहीच जुळत नाही. छपरांची उंची वेगळी, घरांची लांबी वेगळी, खिडक्या जिथे सुचतील तिथे. पुढून गणवेशातली शाळा, मागून आपापल्या घरची मुलं. यामागे कलेइतकाच व्यापार होता. जमीन जमीनदाराची, ती दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतलेली. बांधणाऱ्याचं भांडवल तोकडं, एकेक तुकडा विकून पुढचा उभा करायचा. राजवाड्याचा तिसावा हिस्सा विकत मिळतोय म्हटल्यावर गिऱ्हाईकही खूश.

हा चेहरा सामाईक आहे म्हणजे किती सामाईक? १९७०च्या दशकात क्रेसेंटमधल्या बावीस नंबरच्या घरमालकिणीने आपलं दार पिवळं रंगवलं. बाकी सगळी दारं पांढरी. नगरपालिकेने नोटीस काढली, प्रकरण सरकारी चौकशीपर्यंत गेलं, आणि बाई जिंकल्या. दार पिवळंच राहिलं. आपल्या गल्लीत कुणी दाराला पोपटी रंग दिला तर फार तर जाता येता चेष्टा होईल. खटला होणार नाही, कारण गल्लीने तो चेहरा कधी सामाईक मानलेलाच नाही.

खामगावच्या गल्लीपासून बाथपर्यंतची ही उडी लांब वाटेल. पण बाथची ती चंद्रकोर मुंबईत आली, आणि ती येताना ज्या लाटेवर आली तिच्यात वऱ्हाडचा कापूस होता.

मुंबईच्या फोर्टात सेंट थॉमस कॅथीड्रल आणि टाऊन हॉल यांच्यामधे पूर्वी एक मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. १८४४पर्यंत तिथे कापसाचे ढीग पडायचे, गोदीवर जाण्याची वाट पाहत. धूळ, तंतू, बैल, आगीची सततची धास्ती. मग कापूस कुलाब्याला हलवला. (पुढे तो शिवडीकडे गेला आणि हार्बर लाईनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनला नाव देऊन गेला.) मैदान ओसाड आणि घाणेरडं पडून राहिलं. त्याचं काही करावं ही कल्पना काढली पोलीस खात्याचे प्रमुख चार्ल्स फोर्जेट यांनी. हे गृहस्थ भारतातच वाढलेले, देशी भाषा सफाईने बोलणारे, १८५७मध्ये वेष पालटून शहरात फिरणारे आणि त्याच वर्षी दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देणारे. शहररचनेच्या इतिहासात पोलीस अधिकारी सहसा भेटत नाहीत. गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन यांनी कल्पना उचलून धरली, पुढे गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रियर यांनी ती पुढे नेली. म्हणून जागेचं नाव पडलं एलफिन्स्टन सर्कल. (कॉलेजवाले माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन वेगळे. हे १८५३ ते १८६० या काळातले.) नगरपालिकेने जमीन घेतली, तिचे भूखंड पाडून विकले आणि त्यात चांगला नफाही कमावला.

भूखंड इतके सहज खपले कारण शहरात पैशाला पूर आला होता. एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. उत्तरेच्या आरमाराने बंदरं अडवली आणि जगभर कापसाचा शोध सुरू झाला. चार वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्त मिळाले असा अंदाज दिला जातो. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला असंही सांगतात, आणि त्या काळाच्या बाकीच्या गोष्टी पाहता ते खोटं वाटत नाही. कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर कंपन्या उभ्या राहत आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर छापून होण्याआधी दुप्पट भावाला जात.

या गोष्टीची वऱ्हाडाकडची बाजू मुंबईच्या इतिहासांत फार थोडक्यात येते. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं होतं. कापूस त्यांना हवा होता हे उघड गुपित. खामगाव तेव्हा तसं नवं बाजारगाव. १८२०च्या सुमाराला तिथे व्यापारी स्थिरावू लागले, तूप, सूत आणि थोडासा कापूस विकू लागले. पाहता पाहता कापसाचा बाजार असा फुगला की तो प्रांतातला सगळ्यात मोठा ठरला. रेल्वेआधी वऱ्हाडचा पुष्कळ कापूस बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरला जायचा आणि तिथून गंगेच्या पाण्याने कलकत्त्याला. महिनोन्‌महिने, धूळ खात, पावसात सापडला तर कुजत. १८६०च्या दशकात जी.आय.पी. रेल्वेचे रूळ भुसावळहून मलकापूर, शेगाव ओलांडत पूर्वेकडे सरकले आणि १८६७ला नागपूरला पोचले. त्याच वर्षी खामगावला नगरपालिका झाली. खामगाव मात्र मुख्य मार्गापासून आठ मैल बाजूला राहिलं. म्हणून जलंब ते खामगाव अशी छोटी शाखा खास कापसासाठी टाकली गेली. १८७०मध्ये ती सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तेरा किलोमीटरच्या रेल्वेसाठी व्हाइसरॉय! एका बाजारगावाचं वजन मोजायला याहून चांगलं माप नाही.

तोवर तेजी बुडालीही होती. एप्रिल १८६५मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ला, वायद्यांचे हिशोब चुकते करायच्या दिवशी, अर्धी मुंबई दिवाळखोर निघाली. पण दगडात गुंतलेला पैसा दगडातच राहिला. सर्कलभोवतीच्या इमारती उभ्या होत होत्या, आणि १८७२पर्यंत मधली बागही तयार झाली.

या वर्तुळाचं काम जेम्स ट्रबशॉ या वास्तुकाराचं. फ्रियर यांनी फोर्टाची तटबंदी पाडायला घेतली, तेव्हा त्या जागेच्या नव्या आखणीसाठी ते मुंबईत होते. आराखडा उघडपणे बाथच्या घराण्यातला आहे. वळत गेलेली सलग इमारत, मधे हिरवळ, सगळ्यांचा एकच चेहरा. भूखंड वेगळ्यांचे, पेढ्या वेगळ्या, हिशोबाच्या वह्या वेगळ्या, एकमेकांशी कापसाच्या भावावरून चढाओढ करणाऱ्या. तरी रस्त्यावरून पाहिलं तर मजल्यांच्या रेषा एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत न तुटता जातात. समोर टाऊन हॉलचे १८३३चे ग्रीक खांब आणि रुंद पायऱ्या. वर्तुळाकडे तोंड केलेला एक भारदस्त श्रोता या इमारतींना आयता मिळाला.

ट्रबशॉंनी एक बदल केला आणि माझ्या मते वर्तुळाचा सगळा जीव त्यातच आहे. रॉयल क्रेसेंटच्या पुढे छत नाही. तिथल्या माणसाला ऊन हवं असतं. मुंबईत तळमजल्याला कमानींची सलग पडवी आहे. जुलैच्या धारेत आणि मेच्या उन्हात माणूस एका पेढीतून दुसरीत कोरडा आणि सावलीत जाऊ शकतो. ही पडवी रस्त्याची आहे की इमारतीची, हे ठरवणं कठीण. मालकी खाजगी, वापर सगळ्यांचा. कमानींच्या माथ्यावरच्या दगडांत दाढीवाल्या माणसांची तोंडं कोरली आहेत. बहुतेक लोक त्यांच्याखालून वर्षानुवर्षं जातात आणि वर बघत नाहीत. बाथमध्ये जी घरं होती ती इथे कचेऱ्या झाली. राजवाड्याचा आभास देणारा चेहरा पेढीला पत असल्याचा आभास देऊ लागला. १८६५नंतर तर त्याची फारच गरज होती.

स्वातंत्र्यानंतर वर्तुळाचं नाव बदलून हॉर्निमन सर्कल झालं. बेंजामिन हॉर्निमन हे 'बॉम्बे क्रॉनिकल'चे इंग्रज संपादक. जालियनवाला बागेची बातमी बाहेर काढण्यात त्यांचा हात होता आणि १९१९मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केलं होतं. दुसरं नाव देताना इंग्रज माणसाचंच दिलं, हे मला नेहमी खास मुंबईचं वाटतं.

कापूस इथे थांबत नव्हता. खामगावच्या मातीच्या रांगेतून निघालेली गाठ मुंबईच्या दगडी रांगेत विकली जाऊन लिव्हरपूलला उतरायची. तिथे वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीवरून आलेलं 'ऊमरा' हे नाव होतं. तिथून ती लँकेशायरच्या गिरण्यांत जायची, आणि गिरणीभोवती तिसरी रांग असायची, विटांची. एकसारखी, अरुंद, दोन खोल्या खाली, दोन वर. काही ठिकाणी तर घराची पाठही दुसऱ्या घराला चिकटलेली, म्हणजे तीन भिंती शेजाऱ्यांच्या आणि उजेड फक्त पुढून. इथेही सामाईक भिंतीचं तेच गणित होतं, पण फायदा राहणाऱ्याला नव्हे, बांधणाऱ्याला. वाचलेली प्रत्येक वीट त्याच्या खिशात. हवा नाही, मोरी नाही, कॉलऱ्याला मोकळं रान. १८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर मागे अंगण आणि गल्ली सोडणं हळूहळू सक्तीचं झालं, आणि पाठीला पाठ लावलेली घरं बांधायला १९०९मध्ये देशभर बंदी आली. अमेरिकेतलं युद्ध चालू असताना या रांगांतले लाखो गिरणी कामगार मदतीच्या शिध्यावर जगत होते, आणि जो कापूस मिळे तो आपल्याकडचा, आखूड धाग्याचा, कचऱ्याने भरलेला म्हणून त्याला शिव्या देत होते. एकाच टंचाईने एकीकडे गाद्या उसवायला लावल्या, दुसरीकडे चुली विझवल्या.

ही तिसऱ्या प्रकारची रांग फिरून आपल्याकडेही आली. रेल्वेने स्टेशनाशेजारी बांधलेली क्वार्टर्स पाहा. एका नकाशावरून काढलेली, सारखी दारं, सारख्या खिडक्या, भिंतीवर रंगवलेले नंबर. जिल्ह्यात घरांना सामाईक चेहरा मिळाला तो बहुधा तिथेच. गल्लीतल्या धाब्याच्या घरांना सामाईक भिंत होती, पण चेहरा ज्याचा त्याचा. क्वार्टरात चेहरा कंपनीचा आणि माणूस बदलीवर. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्याचा भव्य दरवाजा आहे, जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून लाखो लोक तिथे जातात. तो चेहरा एकाच घराण्याचा होता, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच नव्हता.

आता खामगाव-मलकापुरात, बुलढाण्यातही, रो-हाऊसच्या जाहिराती लागतात. बिल्डर सहा-आठ घरांचा एकच सुबक चेहरा देतो. वर्षभरात पहिल्या घरावर पत्र्याची शेड येते, दुसऱ्याला टाइल्स लागतात, तिसऱ्याची बाल्कनी खोली होते. बाथच्या कुणाला घेरी येईल. मला त्यात आपल्या गल्लीची सवय दिसते. भिंत तुझी-माझी, तोंड ज्याचं त्याचं. फक्त आता मधली भिंत चार-सहा इंचांची असते. शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो, आणि स्लॅब तापला की एसीशिवाय बसवत नाही.

जुन्या रांगेचा खरा कस लागतो तो मधलं घर पाडल्यावर. भाऊ पुण्याला गेले, वाटणी झाली, एकाने आपला हिस्सा पाडून आरसीसी घर घ्यायचं ठरवलं. घर पडतं आणि शेजाऱ्याची भिंत, जी शंभर वर्षं कधी उघडी नव्हती, अचानक आभाळाखाली येते. तिला बाहेरचा गिलावा नाही, कारण ती बाहेरची भिंत नव्हतीच. तिच्यावर पाडलेल्या घराच्या तुळयांची भोकं आहेत, कोनाडे आहेत, देवघराचा काळवंडलेला चौकोन आहे. तिने त्या घराच्या तुळयांचा भार घेतला होता आणि त्याच तुळयांनी तिला उभं धरलं होतं. तो आधार गेला की ती रिकाम्या बाजूला कलू लागते. पहिला जोरदार पाऊस भोकांतून आत शिरतो, पांढरीची माती पायाकडून विरघळते. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नगरपालिका धोकादायक घरांना नोटिसा काढते. अशा नोटिशींच्या घरांत रांगेतून एकटी पडलेली घरं किती असतील, हे गल्लीत फिरताना नुसत्या नजरेने कळतं.

उपाय गवंड्यांना ठाऊक आहे. भोकं दगड-मातीने बुजवायची, तळाला दोन-तीन फूट दगडाचं किंवा विटांचं अस्तर द्यायचं, वर भुसा कालवलेल्या मातीचा गिलावा करायचा, माथ्यावरून पाणी ओघळू नये म्हणून फरशीची पट्टी पुढे काढायची, आणि नवं घर उभं राहीपर्यंत लाकडी टेकू. सिमेंटचा गिलावा मात्र टाळायचा. तो मातीला धरत नाही आणि आत शिरलेली ओल बाहेर सोडत नाही. भिंत आतून भुसभुशीत होते आणि वरून ठणठणीत दिसते. खर्च फार नसतो. भांडण होतं ते तो कुणी करायचा यावरून. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात, पूर्वेस अमुक यांचे घर, मधे सामाईक भिंत. एका बाजूचं घरच नाहीसं झालं तर भिंतीला गिलावा कोणी द्यायचा, हे त्यात कोणी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून घर पाडायला घेण्याआधीच शेजाऱ्याला बोलावून, चार माणसांसमोर, गिलाव्याचा आणि टेकूचा खर्च कागदावर आणलेला बरा. जूनमध्ये ते बोलणं होत नाही.